ड्रॉइंगच्या बाईंना विचारा : पाय कागदात मावतच नाहीत

माणूस काढायला शिकायचं असेल तर अडचणी कळवा, असं मी गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली, ईमेल आले. एका बाईंनी तर नुसतं चित्र पाठवलं आणि मागे लिहिलं, ‘काय चुकलं?’ सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं ड्रॉइंग शिकवलं. तिथलीही मुलं हेच करायची. वही पुढे सरकवायची आणि गप्प उभी राहायची. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून सारखे सारखे आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. लहानपणी राहून गेलेली हौस आता भागवतोय. चेहरा बरा जमतो. पण उभा माणूस काढायला घेतला की गुडघ्यापर्यंत येईतो कागद संपतो. मग पाय आखूड करून कोंबतो, नाहीतर पुढे झुडूप काढतो. (नाशिक)

झुडूप वाचून मला हसू आलं, कारण ती युक्ती माझ्या चांगली ओळखीची आहे. एकदा आठवीच्या वर्गात मी ‘बसस्थानक’ विषय दिला, तर निम्म्या चित्रांत प्रवाशांपुढे बॅगांची आणि बोचक्यांची रांगच रांग. एवढं सामान कुठल्या एसटीत चढलं असतं? ते सामान नव्हतंच, पाय लपवायची सोय होती.

तुमचं काय होतं ते सांगते. तुम्ही डोळ्यापासून सुरुवात करता. डोळा काढायला मजा येते, पापण्या येतात, भुवई येते, आणि डोळा आपल्या आवडीच्या मापाने वाढत जातो. त्याला शोभेल एवढं नाक, मग डोकं. आता डोकं जेवढं झालं त्यावर अख्खा माणूस ठरतो, आणि तेवढा माणूस उभा राहील एवढा कागद तुमच्याकडे उरलेला नसतो. चूक पायांशी दिसते, पण ती झालेली असते डोळ्याशी.

म्हणून महिनाभर डोळे काढायचे नाहीत. त्याऐवजी कागदाला घड्या घाला. ए-फोर कागद उभा धरा, वरची कड खालच्या कडेवर आणून दुमडा. पुन्हा तसाच दुमडा. पुन्हा एकदा. उघडलात की सारख्या आठ आडव्या पट्ट्या दिसतील, एकेक सुमारे ३.७ सेंटिमीटरची. पहिल्या पट्टीत डोकं: वर टाळू, खाली हनुवटी, अंड्यासारखा आकार, बास. आणि आता दुसरी पट्टी सोडून थेट आठवीच्या तळाशी जा. तिथे दोन टाचा ठेवा. डोक्यानंतर लगेच पावलं, हा माझ्या वर्गाचा नियम होता आणि तो मोडणाऱ्याची वही मी बघत नसे.

पाऊल म्हणजे आधी कपड्यांच्या इस्त्रीचा आकार: खाली सपाट, पुढे निमुळतं, मागे उंच. बाजूने बघितलं तर ते डोक्याच्या उंचीपेक्षा किंचित लांबच भरतं. बहुतेक जण ते निम्मं काढतात आणि मग माणूस वाऱ्याने पडेलसा दिसतो.

मधलं सगळं आता आपोआप बसतं. दुसऱ्या पट्टीच्या तळाशी छातीची रेघ. तिसरीच्या तळाशी बेंबी, आणि हात सोडून उभं राहिलं तर साधारण तिथेच कोपर. चौथीच्या तळाशी, म्हणजे कागदाच्या बरोबर मध्यावर, धड संपून पाय सुरू होतात. मनगट त्याच रेघेवर. सहावीच्या तळाशी गुडघा. ‘माणसाचा मध्य बेंबीत’ अशी आपली समजूत असते, तिच्यामुळेही पाय आखूड होतात. पटत नसेल तर एक सुतळी घ्या, टाळूपासून जांघेपर्यंत मोजा आणि तीच सुतळी जांघेपासून जमिनीपर्यंत लावून बघा. पुरुषाचे खांदे जवळजवळ दोन डोक्यांच्या उंचीएवढे रुंद, बाईचे थोडे कमी.

आता खरं सांगायचं तर आपण बहुतेक जण सात-साडेसात डोक्यांचेच असतो, म्हणजे उंची आपल्याच डोक्याच्या तेवढ्या पट. आठ घ्यायचे ते कागद तीनदा दुमडला की आठच पट्ट्या पडतात म्हणून. हात बसला की अर्धी पट्टी कमी करायला कुणी अडवत नाही. आपल्या जुन्या शिल्पकारांचं माप आणखी वेगळं होतं. मूर्ती ‘नवताल’ म्हणायचे, म्हणजे नऊ ताल, १०८ अंगुळं. पण त्यांचा ताल म्हणजे अख्खं डोकं नव्हे, चेहऱ्याची लांबी: बारा अंगुळं. मोजपट्टी बदलली म्हणून आकडा बदलला.

एक राहिलं. मूल काढताना मोठा माणूस लहान करून काढू नका. वर्षाचं बाळ साधारण चार डोक्यांचं असतं, सहा-सात वर्षांचं सहाच्या आसपास. तुम्ही पाठवलेल्या चित्रात आजोबांच्या कडेवर नातू नाही, एक छोटे आजोबाच आहेत.

प्रश्न : मी आठवीत आहे, एलिमेंटरीला बसलोय. स्मरणचित्रात मंडई काढली तर माझी माणसं शाळेत प्रार्थनेला उभी असल्यासारखी दिसतात. काडीमाणूस काढून सुरुवात केली की मित्र हसतात. (बार्शी)

हसणाऱ्या मित्रांना वारली चित्र दाखव. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतला माणूस काय असतो? टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, आणि हातापायांच्या काड्या. ना नाक, ना डोळे. तरी बाई कांडते आहे, गडी ओणवा होऊन लावणी करतो आहे, तारपा वाजवणारा वाकला आहे, हे लांबून कळतं. कसं कळतं? वरचा त्रिकोण खांद्यांचा, खालचा कमरेचा, आणि दोन्ही एका टोकावर जोडलेले. वरचा एकीकडे कलला आणि खालचा दुसरीकडे, की माणूस हलला.

तुझ्या काडीमाणसात तेवढंच कमी आहे. तुझी खांद्याची रेघ आणि कमरेची रेघ दोन्ही पट्टीने आखल्यासारख्या आडव्या असतात, म्हणून प्रार्थना सुरू होते. आरशापुढे जा आणि एका पायावर भार टाकून आरामात उभा राहा, बसची वाट बघतोस तसा. भार असलेल्या बाजूची कंबर वर जाईल, त्याच बाजूचा खांदा खाली येईल. दोन रेघा, दोन उलटे उतार. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो ना, तसा गळ्याच्या खळग्यातून एक ओळंबा सोड. ज्या पायावर भार आहे त्याच्या टाचेवर तो आला पाहिजे. नाही आला तर माणूस पडतोय असं समज.

आता घरातच एक प्रयोग कर. भरलेली बादली उजव्या हातात घेऊन आईला नाही, भावाला चालायला लाव. (आईला कामं कमी नाहीत.) नीट बघ. धड डावीकडे कलतं. डावा हात अंगापासून सुटून बाहेर येतो, बोटं थोडी फाकतात. उजवा हात मात्र दोरीसारखा सरळ ताणलेला, कोपर दिसतच नाही. पावलं जवळजवळ पडतात. मग बादली रिकामी करून पुन्हा चालायला लाव. धड सरळ, कोपर वाकलेलं, बादली झुलते. ही दोन चित्रं काड्यांनी काढ, बादलीत पाणी न दाखवता. भरलेली कुठली हे तुझ्या मित्राने ओळखलं तर तुझ्या मंडईत माणसं चालायला लागली म्हणून समज. भाजीची पिशवी, गॅसची टाकी, कडेवरचं पोर, सगळ्याला हाच हिशेब.

मंडईची गर्दी मांडायची एक युक्तीही घेऊन टाक. तू उभ्याने बघतोयस असं चित्र असेल तर डोळ्याच्या उंचीवर कागदावर एक हलकी आडवी रेघ मार. सपाट जमिनीवर तुझ्या उंचीची जितकी माणसं उभी आहेत, जवळची असोत की लांबची, त्या सगळ्यांचे डोळे त्या एका रेघेवर येतात. बदलतात ती पावलं: लांबच्याची वर, जवळच्याची खाली. खाली बसलेल्या भाजीवाल्या रेघेच्या खाली. एवढं पाळलंस तर लांबची माणसं हवेत तरंगणार नाहीत. आणि परीक्षेत आधी सगळ्या माणसांच्या काड्या उभ्या कर, मगच एकाला मांस चढव. एकाच आजोबांची मिशी कोरत बसलास तर वेळ संपेल.

प्रश्न : मी एक इंग्रजी पुस्तक आणलं आहे. त्यातली माणसं उभी असतात, पळतात, खुर्चीवर बसतात. माझ्या सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसतात. त्यांचं चित्र काढायला घेतलं की पायांचा गुंता होतो. (मिरज)

प्रश्न फार आवडला. आपल्याकडे अर्धं आयुष्य जमिनीवर जातं. पंगत, भजन, भाजी निवडणं, वाती वळणं. पुस्तकात मात्र बसायला खुर्ची.

मांडी घातलेल्या माणसाची जमिनीपासून टाळूपर्यंतची उंची चार डोक्यांच्या आसपास भरते. पायथा, म्हणजे एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत, उंचीपेक्षा थोडाच कमी. म्हणजे सगळा मिळून आकार काय झाला? मोदक. आधी मोदक काढा. खालचे दोन फुगवटे गुडघे, वरचं टोक डोकं. सासूबाई पोक काढून बसत असतील तर मोदकाचं नाक थोडं पुढे झुकवा.

मग पाय. गुंता होतो कारण तुम्हाला माहीत आहे की मांडी लांब असते, आणि तुम्ही माहीत असलेली मांडी काढता. समोरून बघताना ती मांडी तुमच्याकडे येत असते, त्यामुळे आखूड दिसते. इथे डोळ्यावर विश्वास ठेवायचा, आणि त्यासाठी पेन्सिल वापरायची. हात पूर्ण ताणा, कोपर ताठ, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक सासूबाईंच्या टाळूवर आणि अंगठ्याचं नख हनुवटीवर. हे झालं एक डोकं. तोच अंगठा न हलवता पेन्सिल आडवी करा आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत किती भरतं ते बघा. जे भरेल ते काढा, मनाला पटो न पटो. कोपर वाकलं की माप गेलं, तेवढं सांभाळा. नडग्या पुढे एकमेकींवर फुलीसारख्या येतात आणि पावलं विरुद्ध बाजूच्या गुडघ्याखाली शिरतात. एक पाऊल बहुधा दिसतं, दुसऱ्याचा फक्त अंगठा.

पाचवारी साडी असेल तर ती शेवटी, आणि खालचं शरीर हलक्या रेघेत काढल्यावरच. साडी दोन गुडघ्यांवर टांगलेली असते आणि मधे तिची झोळी पडते. सगळ्या चुण्या त्या दोन टोकांपासून निघतात. नऊवारी वेगळी, ती काष्ट्यामुळे पायाला धरून जाते. नऊवारीचं बघायचं तर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७ ते १९४४) यांची चित्रं मिळतील तिथे बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांच्या बायकांच्या साडीवरच्या चुण्या बघून गुडघा नेमका कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येतं.

उकिडवं बसणं मांडीहून सोपं आहे, लोक उगाच घाबरतात. बाजूने बघा, इंग्रजी झेड हे अक्षर उभं दिसेल: नडगी, मांडी, पाठ. गुडघे छातीपर्यंत येतात, टाचा जमिनीवर. हात बहुधा गुडघ्यांवर टेकून पुढे लोंबतात. विडी ओढणारे म्हातारे हे सगळ्यात चांगले मॉडेल, अर्धा अर्धा तास हलत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या माणसाला पोटच नसतं, हात-पाय थेट डोक्यातून निघतात. दुरुस्त करावं का? (ठाणे)

नका. त्या वयाची जगभरातली मुलं असाच माणूस काढतात. पोट आपलं आपण येतं. मी नवी नवी नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या एका पोरीच्या चित्रातले हात खोडून खांद्याला लावून दिले होते. तिने वही मिटली आणि पुढे बरेच दिवस माझ्यासमोर फक्त घरं आणि डोंगर काढले. विचारायचंच असेल तर ‘हा कुठे चाललाय?’ एवढं विचारा.

प्रश्न : हाताची बोटं केळ्याच्या फणीसारखी होतात. (कुवेत)

कारण तुम्ही बोटं मोजून काढता. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मधे पंजा राहूनच जातो.

भाकरी थापणारा हात आठवा. बोटं जुळलेली, अंगठा वेगळा. तसा हात आधी काढा: पंजाचा चौकोन, त्याला जोडून चारही बोटांची मिळून एकच पाचर, आणि बाजूने अंगठ्याचा त्रिकोण. तीन तुकडे. त्या पाचरीची लांबी पंजाएवढीच जवळजवळ. मधलं बोट सगळ्यात लांब, म्हणून पाचरीचं टोक मधे. हे नीट बसल्यावर तिच्यात तीन रेघा मारल्या की चार बोटं झाली. आणि ती झाली नाहीत तरी चालतं, लांबच्या माणसाला बोटं लागत नाहीत.

माप असं. मनगट हनुवटीला लावा आणि पंजा चेहऱ्यावर ठेवा. बोटं कपाळापर्यंत पोहोचतात ना? हात तेवढा मोठा. नवशिक्यांचे हात लहान असतात आणि डोळे मोठे. हे मी शाळेतल्या पोरांत बघितलं आणि आता रविवारी माझ्या व्हरांड्यात येणाऱ्या साठीतल्या विद्यार्थ्यांतही बघते आहे.

डोळ्यांवरून आठवलं, चेहऱ्याबद्दल चार पत्रं आली आहेत. सगळ्यांना एकच सांगते: डोळे डोक्याच्या मध्यावर असतात. कपाळ आणि केस मिळून वरचा अर्धा भाग. तुमचे सगळ्यांचे डोळे वर सरकलेत, म्हणून माणसांना मेंदूला जागा राहिलेली नाही.

प्रश्न : मोबाइलवरच्या फोटोवरून काढावं की प्रत्यक्ष? बाहेर बसून काढायला गेलं तर लोक हलतात. शिवाय वही आणि पेन्सिल कोणती घ्यावी? (कोल्हापूर)

सामानाचं आधी उरकते. २बी पेन्सिल, नाहीतर साधं बॉलपेन, आणि पाठकोरे कागद. महागाची वही घेतलीत की पहिलं पान खराब होईल या भीतीने ती कपाटात राहते. माझ्याकडे अशा तीन आहेत.

फोटोवरून काढायला हरकत नाही, पण फोटोतला माणूस आधीच सपाट झालेला असतो. उतार कुठे, भार कुठे, हे शोधायची मेहनत तुमची वाचते आणि शिकायची होती ती तीच मेहनत. प्रत्यक्ष बघा. लोक हलतात हे खरं, पण परत तिथेच येतात. आमच्या एसटी स्टँडवरचा चहावाला गाळणं उचलतो, पातेलं कलतं करतो, चहा गाळतो, आणि पुन्हा गाळणं उचलतो. मी कागदाचे चार भाग करते आणि चार अवस्था सुरू ठेवते. तो ज्या अवस्थेत येईल त्या चौकोनात दोन रेघा वाढवायच्या. वीस कप होईतो चारही माणसं उभी राहतात. लोहार, इस्त्रीवाला, वडे तळणारा, सगळे असेच फिरून फिरून तिथेच येणारे. ते सोडले तर झोपलेले प्रवासी.

कुणी बघतंय हे लक्षात आलं की माणूस ताठ होतो, नाहीतर बिथरतो. मी विचारून काढते. बायकांना तर आधी विचारायचंच. दोन जणांनी आतापर्यंत नको म्हटलं, वही मिटून टाकली, संपलं. चहावाल्याला मात्र मी चित्र दाखवलं तेव्हा त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “बाई, मी डाव्या हातानं गाळतो.” मी चारही चौकोनांत उजव्या हाताने काढला होता. ताशी शंभर वेळा तो हात माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता.

पुढच्या अंकासाठी चित्रं पाठवणार असाल तर बसलेला माणूस पाठवा, पावलांसकट. झुडपं चालणार नाहीत. आणि कागद पाकिटात घालताना मधोमध दुमडू नका, घडी बरोबर कमरेत येते आणि माणूस वाकलाय की कागद, ते मला कळत नाही.